पस्तीसची लेन्स

९ जानेवारी

प्रिय मामा,

फोनच करणार होते. पण फोनवर तू "काय?" आणि "जरा मोठ्याने!" याशिवाय काही बोलत नाहीस आणि शेवटी मामीच तुझ्या वतीने उत्तरं देते. म्हणून पत्र.

मी कॅमेरा घेतलाय. आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या डॉक्टरीणबाईंनी नवा घेतला, त्यांचा जुना मी उचलला. त्याच्याबरोबर एक झूम लेन्स आली आहे. पण खोलीत जरा अंधार असला की ती हातच टेकते, फोटो सगळा हलतो. कॅमेऱ्यांचा दुकानदार म्हणतो प्राइम लेन्स घ्या, म्हणजे झूम नसलेली, एकाच मापाची. मग म्हणतो, पन्नासची घ्या. त्याचा जोडीदार म्हणतो, छे, पस्तीसची. मी दिवसभर गिऱ्हाइकांना भिंगं बदलून विचारते, "हे बरं दिसतं की हे?" आणि माझ्यावर वेळ आली तर मलाच ठरवता येईना. जन्मभर स्टुडिओ चालवलेला मामा असताना मी त्या दोघांचं कशाला ऐकू?

लग्न-समारंभाचे फोटो काढायचे नाहीत. घरातलेच, रोजचे. दोन खोल्या, एक गॅलरी, एक नवरा.

आणि मे महिन्यापासून अजून एक जण. आई तुला सांगायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. मामा, तू पुन्हा आजोबा होणार आहेस.

तुझी
भिंगरी


१७ जानेवारी

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीला तिचा आवाज बसला, त्यामुळे ती ओळ मला स्वतः वाचावी लागली. इतकं महत्त्वाचं शेवटी लिहितात होय? आणि वर लेन्सची चौकशी! अगदी आईवर गेलीस.

आता लेन्स. दोन्ही दुकानदार बरोबर आहेत आणि दोघांचंही ऐकू नकोस. तुझ्या झूमवर आकडे आहेत बघ. ती पस्तीसवर ठेव, वर चिकटपट्टी लाव आणि आठवडाभर तशीच वापर. पुढचा आठवडा पन्नासवर. जिचा राग कमी येईल ती आपली. लेन्स निवडायची म्हणजे स्थळ निवडण्यासारखंच आहे, गुण सगळे सांगतात, पण कुठल्या दोषाबरोबर राहता येईल ते आपलं आपण बघायचं.

माझं मत विचारशील तर घरात पस्तीस. पन्नासने चेहरा सुरेख येतो, पण दोन खोल्यांच्या घरात मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. पस्तीसमध्ये माणूस येतो आणि त्याच्या आजूबाजूचं थोडं घरही येतं. लेकरू मोठं झालं की त्याला तेच बघायचं असतं, आपण कुठे होतो, मागे काय होतं.

झूम नाही म्हणून रडायचं नाही. जवळचं हवं तर पाय उचलायचा.

माझी हृदयाची झडप जुन्या दरवाजासारखी करकरते असं डॉक्टर म्हणतात. एप्रिलमध्ये बदलायची आहे. काळजीचं काही नाही.

फोटो पाठवशील ते कागदावर छापून पाठव. स्क्रीनवर फोटो बघणं म्हणजे काचेबाहेर उभं राहून दुसऱ्याचं जेवण बघणं.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चिकटपट्टीचा प्रयोग केला. पन्नासच्या आठवड्यात मी गॅलरीच्या कठड्याला इतकी टेकले की नवरा म्हणाला, "ही लेन्स आपल्याला परवडणार नाही, तू खाली पडशील." पस्तीस घेतली. इवलीशी आहे, मुठीत मावते.

फोटो पाठवते आहे. सगळ्यांत नवराच आहे, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही. लिफ्ट दुरुस्त करून दमून येतो बिचारा, आणि दारातच मी कॅमेरा रोखते. एकात तो पाळणा जोडतोय. सगळे भाग जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला, त्याचा तो चेहरा आहे. "मी लोकांच्या लिफ्ट जोडतो, आणि हे जमेना!" असं म्हणत होता.

पण निम्म्या फोटोंत कान स्पष्ट येतो आणि चेहरा धूसर. असं का?

भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरी,

कान स्पष्ट येतो कारण तू लेन्सचं तोंड पुरतं उघडं टाकतेस. १.८ हा आकडा, म्हणजे तोंड सगळ्यात उघडं, दिसला की सगळे नवशिके हुरळतात. त्याने उजेड भरपूर आत येतो हे खरं, पण स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी पातळ होतो, जवळून तर कागदाइतका. तू जरा डुललीस, तो जरा डुलला, की नाक गेलं आणि कान आला. जवळून काढताना तोंड जरा मिटव, २.८ वर ये, ४ वर ये. खिडकीशी जा. आणि फोकस नेहमी डोळ्यावर, जो डोळा जवळ असेल त्यावर. डोळा धरला की माणूस धरला. बाकी सगळं धूसर झालं तरी चालतं.

स्क्रूवाला फोटो फार छान आहे. मामीने तो फ्रिजवर लावलाय.

आता एक काम कर. जावईबापूंनाही कॅमेरा शिकव. जिच्या हातात कॅमेरा तीच फोटोत नसते. मी इतकी बारशी, इतके वाढदिवस काढले, पण आमच्या घरच्या एकाही फोटोत मी नाही. बाळाबरोबर तूही दिसली पाहिजेस.

मामा


२ जून

चि. भिंगरी,

झडप बदलली. आता छातीत नवंकोरं बिजागर आहे. मामी मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, पण पेन उचलू देते.

ऑपरेशनच्या गडबडीत तुझी तारीख उलटून गेली. तुझी आई फोनवर मामीला सांगते, "बरी आहे, विश्रांती घेतेय," आणि फोन ठेवून देते. मामी मला तेवढंच सांगते. अगं, पण काय झालं? मुलगी की मुलगा? मी विचारलं की मामीला नेमकं दूध उतू गेल्याचं आठवतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला चकित करायचं ठरवलंय वाटतं. ठीक आहे, मी चकित व्हायला तयार बसलोय.

पण फोटो पाठव. नाक कुणाचं आहे ते मी ठरवणार.

मामा


१४ जून

प्रिय मामा,

तुझं ऑपरेशन नीट झालं हे वाचून खूप बरं वाटलं. मामीचं ऐक. जिने चढू नकोस.

इकडे सगळं बरं आहे. थोडे फोटो पाठवते आहे.

भिंगरी


२३ जून

चि. भिंगरी,

फोटो मिळाले. कपबशी. खिडकी. जिन्यातले बूट. पुन्हा कपबशी.

तंत्र सुधारलंय. उजेड नीट आहे, सगळं जागच्या जागी आहे. पण मी दोन दिवस ते फोटो उलटेपालटे करतोय आणि मला एकच प्रश्न पडतो. घरात तान्हं बाळ असताना आई कपबशीचे फोटो काढते?

मी आता स्पष्टच लिहितो. बाळात काही उणं आहे का? ओठ दुभंगलेला आहे का? हात, पाय, डोळे, काही? तसं असेल आणि तुम्ही माझ्यापासून, किंवा जगापासून, ते झाकून ठेवत असाल, तर वेडे आहात. माझ्यासमोर सगळ्या तऱ्हेची मुलं फोटोला बसली. आयांचे डोळे मी बघितलेत. सुरुवातीला त्या मुलाला अशा कोनात धरतात की व्यंग दिसू नये. मग एक दिवस येतात आणि सरळ समोर धरतात. तू पहिल्याच दिवशी सरळ धर. जसं असेल तसं आपलं आहे गं.

ऊन बघून खिडकीशी घे आणि एक फोटो काढ. मी वाट बघतोय.

मामा


१ जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता सांग त्याला." इतके दिवस तिनेच बजावलं होतं, त्याच्या छातीची जखम अजून ओली आहे, त्याला कळू द्यायचं नाही. मामीला माहीत आहे. तिच्यावर रागावू नकोस. तिला फार जड गेलं असणार.

मामा, बाळात काही उणं नव्हतं. मुलगी होती. सगळं व्यवस्थित होतं. फक्त ती जन्मली तेव्हा जिवंत नव्हती.

आदल्या दिवशी सकाळी मी दुकानात एका आजोबांचा नंबर तपासत होते. त्यांना खालची ओळ वाचायला सांगितली आणि ते वाचत असताना माझ्या लक्षात आलं की उठल्यापासून ती हललेली नाही. आजोबांनी ओळ पूर्ण वाचली. मी म्हटलं, "छान." मग डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला जायला हवं.

दवाखान्यात पोटावर यंत्र फिरवलं. स्क्रीन माझ्याकडे वळवलेली होती. डॉक्टर बघत राहिल्या, आणि मग त्यांनी ती हळूच स्वतःकडे वळवून घेतली. तेवढ्यावरून कळलं. त्यानंतर त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही.

ती गेल्यावरसुद्धा तिला जन्म द्यावाच लागतो, मामा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कळा त्याच असतात. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ रडलं, आणि मला क्षणभर वाटलं, आमचंच.

नर्सने तिला पुसून, दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. म्हणाली, "फोटो काढून ठेवायचा का? आता नको वाटेल, पण पुष्कळ जणी नंतर म्हणतात, काढायला हवा होता." कॅमेरा पिशवीत होता. मीच भरला होता, बाळाच्या टोपड्यांशेजारी. मी नवऱ्याला म्हटलं, काढ. त्याने काढला. एकच. मग कॅमेरा खुर्चीवर ठेवून तो बाहेर निघून गेला.

तो फोटो घरी आल्यावर मी बघितला. माझ्या मनगटावरच्या दवाखान्याच्या पट्टीवरचं माझं नाव अक्षर न् अक्षर वाचता येतं. दुपट्याची वीण दिसते. आणि तिचा चेहरा धूसर आहे. नाक कुठे संपतं, ओठ कुठे सुरू होतात, काही कळत नाही. १.८ वर काढलाय.

मी त्याला म्हटलं, "फोकस डोळ्यावर करायचा, एवढी एकच गोष्ट शिकवली होती मी तुला." तो म्हणाला, "तिचे डोळे मिटलेले होते गं." त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. खरं तर कशावरच नाही. दूध आण, किल्ली घे, पंखा बंद कर, इतकंच. तो कामावरून येतो, जेवतो, ताट विसळतो. एकाच घरात आम्ही पाहुण्यांसारखे राहतो. मला त्याच्याकडे बघितलं की तो फोटो दिसतो. हे बरोबर नाही, कळतं मला. पण तिला बघायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही, मामा. आणि माझ्या आठवणीतलाही चेहरा आता पुसट होत चाललाय. रोज थोडा. मला त्याचीच भीती वाटते.

मूळ फोटो पेनड्राइव्हवर घालून पाठवते आहे. तू जुन्या लोकांचे फाटके, डागाळलेले फोटो दुरुस्त करून द्यायचास. हा होईल का? थोडासा तरी?

भिंगरी


१२ जुलै

माझी भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी मामीला हाक मारली. ती दारातच उभी होती. म्हणाली, "मी रोज ठरवायचे, आज सांगेन."  माझं हृदय जपायला निघालात तुम्ही. अगं, ते फुटायचं तेव्हा फुटू दे, पण तुझ्याबरोबर फुटू दे. मी इथे मजेत बसून नाकाचं विचारत होतो. व्यंगाचं काय काय लिहिलं. ते वाचताना तुझं काय झालं असेल गं.

ती तुझी मुलगी आहे. माझी नात आहे. होती, असं मी लिहिणार नाही.

आता फोटो. स्टुडिओ हल्ली पुतण्या चालवतो, त्याच्याकडे गेलो आणि मोठा करून बघितला. खोटं सांगणार नाही, तो दुरुस्त होणार नाही. फाटलेलं जोडता येतं, डाग काढता येतो. पण जी स्पष्टता लेन्समधून आत आलीच नाही ती मी बाहेर कुठून काढू? पुतण्या म्हणाला, "काका, हल्ली कॉम्प्युटर चेहरा बनवून देतो, अगदी रेखीव." मी त्याला करू दिलं नाही. तो कुठल्यातरी बाळाचा चेहरा झाला असता. आपल्या बाळाचा नाही.

पण एक सांगतो. फोकसचा चौकोन, म्हणजे कॅमेऱ्याने नेम धरलेली जागा, तुझ्या मनगटावर आहे. तुझ्या कॅमेऱ्यात तो अंगठ्याने हलवावा लागतो, उगाच तिथे जात नाही. मला वाटतं, जावईबापू त्या वेळी तुझ्याकडे बघत होते. मुलगी गेली होती, बायको समोर होती. तिला काही होऊ नये, एवढंच माणसाच्या डोक्यात असतं. त्यांचा हात चुकला नाही, पोरी. त्यांनी तुला धरलं.

त्यांच्याशी बोल.

मामा


३० जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र मी त्याच्यासमोर ठेवलं. बोलायला जमेना म्हणून. तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचत होता. शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाला, "मामा फार चांगले आहेत. पण असं काही नव्हतं."

मामा, तुझा अंदाज चुकला. तो माझ्याकडे बघत नव्हता. कुणाकडेच बघत नव्हता. त्याने डोळे मिटून बटण दाबलं होतं. म्हणाला, "बघितलं असतं तर दाबता आलं नसतं. तू मागितला होतास म्हणून दाबलं." चौकोन तिथे कसा गेला ते त्यालाही माहीत नाही. अंगठ्याने सरकला असेल म्हणाला.

 मग तो खाली बसला, तिथेच, ओट्याला पाठ लावून, आणि बोलायला लागला. तो बाहेर निघून गेला होता ना, तो पळून गेला असंच मी इतके दिवस धरून चालले होते. तर नर्स तिला घेऊन बाहेर आली तेव्हा तो तिच्यामागे गेला होता. म्हणाला, "मी नेतो." खालच्या मजल्यापर्यंत त्यानेच तिला नेलं. लिफ्टने गेला नाही, मामा. जिन्याने गेला, म्हणजे जरा जास्त वेळ मिळेल. आणि एका वळणावर थांबून त्याने दुपटं सोडून तिचे पाय बघितले.

मी पाय बघितलेच नव्हते. माझ्याकडे आली तेव्हा ती गुंडाळलेली होती, आणि सोडून बघायचं मला सुचलं नाही. मी विचारलं, "कसे होते?" तो म्हणाला, "तुझ्यासारखे. अंगठ्याशेजारचं बोट लांब." मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू फोटोचं विचारत होतीस. मला वाटलं, पायांचं सांगितलं तर तू म्हणशील, मग त्यांचा का नाही काढलास."

म्हटलंही असतं मी.

मग मी त्याला कपाळाचं सांगितलं. भुवयांच्या मध्ये बारीक आठी होती, कुणीतरी झोपमोड केल्यासारखी. केस मानेवर ओले होते. त्याला ते काहीच माहीत नव्हतं, त्याला चेहऱ्याकडे बघवलंच नव्हतं. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "अजून? अजून सांग." कुकर करपला. आम्ही दोघं जमिनीवर बसून रडलो, एकमेकांना धरून, पहिल्यांदाच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. परवा दुकानात एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन आली आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसले. तो कामाला जाताना अजून पाळण्याच्या कोपऱ्याकडे बघत नाही. पण आता संध्याकाळी कुणीतरी एक जण तिचा विषय काढतो.

लेन्स विकायची ठरवली होती. राहू दिली. काल गॅलरीत त्याचा एक फोटो काढला, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तो "नको" म्हणाला नाही.

त्या फोटोचं मात्र एक काम कर. तो छापून पाठव. स्पष्ट करू नकोस, काही करू नकोस.

तिचं नाव आम्ही ठेवलं होतं. कागदावर लिहवत नाही अजून. तू आणि मामी आलात की सांगेन.

भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरी आणि जावईबापू,

फोटो पाठवतो आहे. मॅट कागदावर स्वतः छापला. पुतण्याला हात लावू दिला नाही. लहानच ठेवलाय, तळहाताएवढा. मोठा केला की डोळा चेहऱ्यात रेषा शोधत बसतो. एवढ्याशा फोटोत तसं होत नाही. त्यात एक आई दिसते आणि तिच्या कुशीतलं बाळ.

माझा अंदाज चुकला ते बरं झालं. माझं खरं ठरलं असतं तर तुम्ही दोघं बोलला नसतात.

डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की येतो. मामीने पिशवी आत्ताच काढून ठेवली आहे.

आणखी एक. तुम्हाला न विचारता मी दुसरी प्रत काढली आणि बाहेरच्या खोलीत लावली, मुलाच्या दोन्ही पोरांचे फोटो आहेत तिथेच. काल शेजारीणबाई आल्या होत्या. भिंतीपाशी थांबल्या, चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ही कोण हो?" 

मामी आतून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ही आमची सगळ्यात धाकटी."

मामा